परत न टाकलेली चकती

“बाई, तुमच्या डाव्या मुठीत काय आहे?”

वर्ग संपत आला होता. वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांना टेकून बसलेली मुलं चुळबुळायला लागली होती, कुणी पायानेच चपला चाचपत होतं, आणि प्रश्न इतका सहज आला की बाईंनी तितक्याच सहजपणे मूठ उघडली. तळहातावर पितळेची चकती होती. तिच्यावर सातचा आकडा. हातात फार वेळ धरून ठेवलेल्या किल्लीसारखी ती गरम झाली होती. बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. ही इथं कशी? ही पिशवीत असायला हवी होती. उजव्या हातात पिशवी होती, समोर सगळ्यात धाकटा मुलगा दुसरी चकती काढून “तीन!” असं ओरडून उभा होता, आणि सात मात्र पिशवीत परत गेलेलाच नव्हता.

प्रश्न विचारणारी मुलगी मागच्या ओळीत होती. प्रत्येक वाक्याची सुरुवात ती ‘पण’नं करते म्हणून मुलांनी तिचं नाव पणपण ठेवलं होतं, आणि तिला त्याचा राग येत नसे, उलट कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर ती दचकत असे. ती उठून पुढे आली. “पण बाई, मला वाटलंच होतं. दुसरी काढायच्या आधी तुम्ही पहिली परत टाकत नाही आहात. आत्ताच नाही. सगळा वेळ.”

“तू पाहिलंस?”

“नाही. मला कुठून दिसणार? माझ्यापुढे हा लंबू बसतो.”

“माझ्या डोक्याला काय नावं ठेवतेस!” लंबू म्हणाला.

“नावं नाही ठेवत, आडवं येतं एवढंच म्हणतेय. पण बाई, मी हात बघत नव्हते. मी फळा बघत होते.”

फळ्यावर खाली एकपासून नऊपर्यंतचे आकडे होते आणि त्यांच्यावर खडूच्या टिंबांचा ढीग. खेळ तसा साधा, आणि बाई तो शाळेत शिकवत होत्या तेव्हापासून खेळवत आल्या होत्या. जाड कापडाची पिशवी, आत पाच चकत्या : एक, तीन, पाच, सात, नऊ. मुलानं डोळे मिटून एक काढायची, आकडा मोठ्यानं वाचायचा, चकती बाईंकडे द्यायची. बाई ती पिशवीत टाकून पिशवी हलवणार. मग पुन्हा एक काढायची. दोन आकड्यांची सरासरी करायची आणि फळ्यावर त्या सरासरीच्या डोक्यावर एक टिंब द्यायचं. पुढचा. असं करत करत ढीग वाढतो, मधे पाचावर उंच, दोन्हीकडे उतरता, आणि कडेला एकवर आणि नऊवर एखाददुसरं टिंब, लग्नाच्या पंगतीत ओळखीचं कुणी न सापडलेल्या पाहुण्यासारखं. आत काय आहे हे न बघता, जे बाहेर येतं त्यावरून आतल्याची ओळख पटवायची, एवढंच बाईंना शिकवायचं असे. एखादी जोडी वाटेल ते सांगेल, पण पुष्कळ जोड्यांचा ढीग थापा मारत नाही. चकत्या परत टाकायचं काम मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं, कारण लहान मुलं त्या पाडतात आणि चकती पुस्तकांच्या कपाटाखाली गेली की अर्धा वर्ग पोटावर झोपून तिला शोधत बसतो.

“एकवर कुणी नाही,” पणपण फळ्याजवळ जाऊन दाखवत होती, “नऊवरही कुणी नाही. एक सरासरी यायची तर एक यायला पाहिजे आणि परत एकच यायला पाहिजे. पण तो तुमच्या मुठीत असेल तर परत येणार कसा?”

“नशीब असतं,” लंबू म्हणाला. “नाही आला तर नाही आला.”

“एकदा नाही आला तर नशीब. इतक्या जणांना नाही आला तर काय सगळ्यांचं मिळून एकच नशीब आहे का? आणि मधे बघ ना. दरवेळी पाचाचं टोक वर असतं. आज चार, पाच, सहा सगळे एका उंचीचे, माथा कापल्यासारखे.”

बाईंनी फळा पाहिला. खरंच माथा कापल्यासारखा होता. समोर उभ्या राहून, स्वतःच्या हातानं खडू देऊन, तासभर त्यांनी तो पाहिला होता आणि त्यांना दिसला नव्हता. “पुढच्या वेळी बोलू यावर,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच आला याचं त्यांना बरं वाटलं. मुलं गेली. चकत्या मोजून पिशवीत टाकताना त्यांच्या लक्षात आलं की छातीत दोन गोष्टी एकदमच धडधडत आहेत, आणि त्यातली आधी कुठली आली ते त्यांना सांगता येत नव्हतं.

रस्त्यावर दुपार कलत होती. किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीवरून त्या रोज जात, आज मात्र तिथं पाय अडखळला. भिंतभर खिळ्यांना लटकलेल्या किल्ल्या, अजून दात न पाडलेल्या, सगळ्या एकसारख्या गुळगुळीत. अक्काचं विसरणं किल्लीपासूनच सुरू झालं होतं. बाईंची ही थोरली बहीण एका दप्तरखान्यात कामाला होती आणि कुठला कागद कुठल्या कप्प्यात आहे हे झोपेतही सांगत असे. तिचे साहेब लोक तिच्या रजेच्या दिवशी घाबरून असत. तिच्या घरी एका सकाळी बाई गेल्या तर अक्का घरभर किल्ली शोधत होती. गाद्या उलटून झाल्या, फुलदाणी पालथी केली, चिडून ती बाईंवरही ओरडली, “तूच नेली असशील, तुला लहानपणापासून सवय आहे!” आणि सगळा वेळ किल्ली तिच्या डाव्या मुठीत होती. बाईंनी तिची बोटं एकेक करून उघडली तेव्हा किल्लीचे दात तळव्यावर उमटले होते. अक्का हसली होती. दोघी हसल्या होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसण्यासारखंच होतं ते तेव्हा. पुढं आणखी काय काय हातातून जाणार आहे हे कुणाला माहीत होतं? शेवटी शेवटी अक्का बाईंना कधी आई समजायची, कधी शेजारीण, आणि एकदा मात्र स्पष्ट म्हणाली होती, “तुम्ही फार छान शिकवता म्हणे.” ते ‘तुम्ही’ बाईंना अजून बोचत होतं. आणि तरी त्या वाक्याचा त्यांना अभिमानही होता, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

किल्लीवाला म्हणाला, “काय हवंय, बाई?” त्या म्हणाल्या, “काही नाही, बघत होते,” आणि पुढं निघाल्या. चालताना त्यांनी डावा हात उघडा ठेवला, बोटं पसरून. समोरून येणाऱ्याला वाटलं असेल, हिला काहीतरी लागलंय. लेकीला दिलेला शब्द आठवत होता. अक्का गेली तेव्हा लेक म्हणाली होती, “आई, हे आपल्या घरातलं आहे. तुझं काही विसरायला लागलं तर लपवायचं नाही. आणि ज्या दिवशी मुलांसमोर विसरशील त्या दिवशी वर्ग बंद. मावशीला लोक हसलेले मी पाहिलेत. तुला कुणी हसलेलं मला चालणार नाही.” बाईंनी शब्द दिला होता. देताना काही वाटलं नव्हतं, कारण त्या विसरणाऱ्यातल्या नव्हत्याच. आता शब्द पाळायचा तर आजच तो दिवस होता. वर्ग गेला तर आठवड्यात उरतं काय, हे त्या मनाशी मांडायला गेल्या आणि अर्ध्यावर सोडून दिलं. मुलांना सांगण्याआधी प्रत्येक गोष्ट त्या स्वतःला सांगत आल्या होत्या. सांगायला मुलंच नसली तर स्वतःशी तरी कशाला बोलायचं?

पण पायऱ्या चढताना फळाच पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत होता. त्या पोरीनं हात पाहिला नव्हता! हात दिसला असता तर त्यात काय मोठंसं? कुणीही सांगितलं असतं. तिनं पिशवी पाहिली नाही, मूठ पाहिली नाही, फक्त टिंबं पाहिली आणि त्यांच्या मागं हात कसा चालला असेल ते ओळखलं. बाईंनी इतकी वर्षं घसा कोरडा करून जे सांगितलं ते हेच होतं, आणि त्यांना स्वतःला कधी वाटलं नव्हतं की कुणी ते त्यांच्यावरच लावून दाखवील.

दार मिस्त्रींनी उघडलं. बाईंचे यजमान, जन्मभर लेथवर उभे राहिलेले, गल्लीत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. चहा त्यांनी आधीच करून ठेवला होता आणि तो कडू झाला होता.

“उशीर केलास.”

“अहो, आज एका पोरीनं मला पकडलं.”

“म्हणजे? धावत होतीस की काय?”

बाईंनी सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, हातवारे करत. टेबलावर साखरेचे दाणे सांडून त्यांचा ढीग करून दाखवला, मग त्याचा माथा बोटानं सपाट केला. “बघा, असा. आणि ती म्हणते, सगळ्यांचं मिळून एकच नशीब आहे का! काय बोलली बघा!” मिस्त्री ऐकत होते. मग त्यांनी साखर एका बोटानं गोळा करून कपात टाकली.

“अगं, तू विसरलीस हे सांगत्येस की पोर हुशार निघाली हे सांगत्येस?”

बाई खुर्चीवर बसल्या. “दोन्ही.”

“आधी हुशारीचं सांगितलंस,” ते म्हणाले. “मी घडवलेल्या चकत्यांचं मात्र कुणाला कौतुक नाही. नऊ कोरताना एकपेक्षा जास्त पितळ निघतं. मग वजन सारखं व्हावं म्हणून एकच्या पाठीमागं मी तेवढं काढून टाकलं. उगाच का पोरांच्या बोटांना फरक कळत नाही? ढीग सरळ येतो तो कुणामुळे?”

“तुमच्यामुळे.”

“हां. आता लेकीला फोन कर. मी करणार नाही, तुझा शब्द तू दिलायस.”

बाईंनी फोन लगेच केला नाही. मिस्त्री खाली फिरायला गेल्यावर त्यांनी पिशवी टेबलावर घेतली आणि एकट्याच काढत बसल्या, परत न टाकता. पाच आला. मग नऊ. मग एक. काढलेल्या चकत्या ओळीत मांडत होत्या. परत टाकलं तर काय होतं? पिशवी दरवेळी पहिल्यासारखी भरलेली. आधी काय येऊन गेलं ते तिच्या गावीही नसतं. तेच ते पुन्हा येऊ शकतं, दोनदा एक, दोनदा नऊ, आणि अंदाज पार कडेला जाऊन पडतो. परत न टाकता काढलं तर आलेली चकती पुन्हा येत नाही, म्हणून प्रत्येक नवी काहीतरी नवंच सांगते, आणि सरासऱ्या मधल्या पाचाच्या जवळ जवळ सरकत राहतात. दोन्ही ढिगांचा मध्य पाचच, पसारा मात्र कमी. पिशवीत हजार चकत्या असत्या तर एखादी परत टाकली काय न टाकली काय, कुणाला पत्ता लागला नसता. पाचच आहेत म्हणून लागतो. बाईंनी तीन काढली. आता आत एकच उरली होती, आणि हात घालायची गरजच नव्हती. ती सात होती. पाचही बाहेर आल्या की ढीग नाही, अंदाज नाही, एकच टिंब, बरोबर पाचावर.

त्या ओळीकडे त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. तरुणपणी दिवस हजारांच्या पिशवीतून निघत होते. एखादा वाया गेला, एखादा कडू निघाला, तर पिशवीला काय त्याचं? आता पिशवी हलकी झाली होती. कुठलाच दिवस परत आत गेला नव्हता. अक्काबरोबर हसलेली ती सकाळही नाही. पण म्हणूनच आपण कोण होतो याबद्दल आता फारसा अंदाज लावावा लागत नव्हता. जे बाहेर आलं ते सगळं समोर मांडलेलं होतं, आणि त्याची सरासरी चांगली होती. हे मोठ्यानं म्हणायला त्यांना संकोच वाटला असता, पण घरात कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी म्हणून टाकलं. “चांगली आहे.” आत एखाददुसरी उरली असेल, आणि ती एकची निघाली तरी सगळा ढीग काही कडेला जाऊन पडणार नव्हता.

मग त्यांनी फोन लावला.

“आई? या वेळी? बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. चहा कडू करतात. ऐक, आज वर्गात विसरले.” आणि काहीही न गाळता सांगितलं, मूठ, सात, तासभर.

मग लेक म्हणाली, “तू मला शब्द दिला होतास.”

“म्हणून तर फोन केला.”

“मावशीचं...”

“किल्ली. माहीत आहे मला. माझ्याही डोक्यात तेच आलं. पण एका चकतीवरून पिशवीत काय आहे ते सांगतेस तू? हे तुला मी शिकवलं? तू याच चकत्यांवर शिकलीस.”

“मी त्यातली तीनची तोंडात घातली होती असं बाबा सांगतात.”

“घातली होतीस. ती पण परत टाकली.”

लेक हसली, आणि हसता हसता नाक ओढल्याचा आवाज आला. “आई, मला भीती वाटते गं.”

“मलाही वाटते. डॉक्टरांकडे जाते मी, परवाच. ते काय ते बघतील. पण वर्ग तू का बंद करत होतीस? मी चुकले तर कुणाला कळणार नाही आणि लोक मागून हसतील म्हणून ना? अगं, त्या खोलीत मला चूक लपवताच येत नाही. फळ्यावर दिसते! आणि ती वाचणारी एक आहे तिथं. ती हसली नाही. तिनं विचारलं.”

लेकीनं विचारलं, “किती वर्षांची आहे गं ती?”

“तू तोंडात चकत्या घालायचं सोडलंस, साधारण तेवढी.”

“बंद नको करूस,” लेक म्हणाली. “पण मला दर आठवड्याला ढीग कसा आला ते सांगायचं. खरं खरं.”

पुढच्या वर्गाला बाईंनी फळ्याचे दोन भाग केले. आधी मुलांना सांगून टाकलं की मागच्या वेळी चकती त्यांच्या हातात राहून गेली आणि पणपणनं ती ढिगावरून पकडली. काही मुलं हसली, लंबू सगळ्यात मोठ्यानं, मग त्यालाच वाटलं आपण फार हसलो. बाईही हसल्या. “आज दोन्ही करू,” त्या म्हणाल्या. “डावीकडे परत टाकून, उजवीकडे परत न टाकता. दोन्हीकडे मधे कोण येतो आणि कडेला कोण येतो, ते तुम्ही मला सांगायचं. पिशवी आज मी धरणार नाही. पणपण, ये.”

पणपण पुढे आली. पिशवी तिनं दोन्ही हातांनी घेतली, आणि एकदम तिचा चेहरा बदलला. घरातली काचेची वस्तू पहिल्यांदा हातात देतात तेव्हा मुलांचा होतो तसा. तिनं पिशवीत डोकावून चकत्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग वळून बाईंकडे पाहिलं, जराशी अवघडली, पण राहवेना.

“पण बाई, सुरू करायच्या आधी... हात दाखवता का?”

लंबूनं मान खाली घातली. हात दाखव म्हणणारं इतक्या वर्षांत बाईंना कुणी भेटलं नव्हतं. मनात काय उठतंय ते पाहायला त्या क्षणभर थांबल्या, कारण मागच्या वर्गापासून हाच प्रश्न राहिला होता, आधी काय येतं, भीती की अभिमान. आणि या वेळी त्यांना स्पष्ट कळलं. कुठल्याही बक्षीस समारंभात, निरोपाच्या भाषणात त्यांची मान अशी ताठ झाली नव्हती. त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, बोटं पसरली, आणि मागच्या ओळीपर्यंत सगळ्यांना दिसावेत म्हणून ते हळूहळू फिरवून दाखवले, तळवे आणि पाठी.

“रिकामे,” पणपण म्हणाली. “चला. पहिला कोण?”